गप्प होत जाणारा बँकर

रिचर्ड कर्टिस यांची ‘द बँकर’ ही फिल्म काही मिनिटांत संपते. सुटाबुटातला एक बँकर कॅमेऱ्यासमोर बसला आहे आणि पडद्याबाहेरून कुणीतरी त्याला प्रश्न विचारतं आहे. विषय आहे बँकांच्या आपापसातल्या उलाढालीवर एक अगदी छोटा कर लावण्याचा. बँकर आधी हसून विषय उडवून लावतो. कल्पना गोड आहे, पण प्रत्यक्षात जमायची नाही, असा त्याचा सूर. प्रश्न मात्र येत राहतात, साधे, छोटे आणि शांत. त्याची उत्तरं आखूड होत जातात, मधल्या जागा लांबत जातात. शेवट येईपर्यंत या बोलक्या माणसाचे शब्द संपत आलेले असतात. बँकरची भूमिका केली आहे बिल नाय यांनी.

प्रचारफिल्मचं रसग्रहण करायचं असतं का, असा प्रश्न कुणाला पडू शकतो. माझं उत्तर आहे, करायलाच हवं. लाखो लोकांचं एखाद्या धोरणाबद्दलचं मत अर्थशास्त्राच्या ग्रंथांवरून बनत नाही, अशा फिल्मांवरून बनतं. त्या कशा घडवल्या आहेत, कुठे त्यांची ताकद आहे आणि कुठे त्यांनी अवघड जागा टाळली आहे, हे पाहणं ही कलेची समीक्षा आहे आणि नागरिक म्हणून आपलं कामही आहे. ‘द बँकर’ या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहावी इतकी चांगली आहे, म्हणून हा लेख.

आधी पार्श्वभूमी. २००८च्या शरद ऋतूत ब्रिटनमधल्या मोठ्या बँका कोसळायच्या बेतात होत्या. सरकारने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि लॉइड्स यांच्यात जनतेचा पैसा ओतला. पुढे रॉयल बँकेतला सरकारचा हिस्सा ८० टक्क्यांच्याही वर गेला. बँका सावरल्या, पण सरकारी तिजोरीला पडलेलं भगदाड बुजवण्यासाठी दवाखाने, शाळा आणि परदेशी मदत यांवरच्या खर्चाला कात्री लागणार हे दिसू लागलं होतं. मे २०१०मध्ये निवडणूक यायची होती. त्याआधी, १० फेब्रुवारी २०१० रोजी, ‘रॉबिन हूड टॅक्स’ नावाची मोहीम सुरू झाली. ऑक्सफॅमसारख्या मदतसंस्था, कामगार संघटनांचा महासंघ टीयूसी, आणि कर्टिस ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक आहेत ती कॉमिक रिलीफ, असे अनेकजण तिच्यात होते. मागणी अशी की शेअर, रोखे, परकीय चलन आणि डेरिव्हेटिव्ह यांच्या उलाढालीवर सरासरी ०.०५ टक्के कर लावावा. जगभर मिळून त्यातून दरवर्षी शेकडो अब्ज पाउंडांपर्यंत रक्कम उभी राहू शकेल, असा मोहिमेचा हिशेब होता. त्यातला अर्धा पैसा देशातल्या सार्वजनिक सेवांसाठी आणि उरलेला अर्धा गरीब देशांचा विकास व हवामान बदलाशी सामना यांसाठी वापरावा, असं सांगितलं गेलं. या मोहिमेची पहिली आणि सर्वांत गाजलेली फिल्म म्हणजे ‘द बँकर’.

ताऱ्यांना घेऊन केलेल्या मोहिमांची एक ठरलेली रीत असते. लोकप्रिय चेहरा कॅमेऱ्याकडे थेट पाहतो, आवाज थोडा जड करतो आणि आपल्याला चांगल्या कामासाठी हाक देतो. त्याच्या लोकप्रियतेचं वजन चांगल्या बाजूच्या पारड्यात पडतं. कर्टिस यांना ही रीत आतून-बाहेरून ठाऊक आहे. १९८५मध्ये लेनी हेन्री यांच्यासोबत त्यांनी कॉमिक रिलीफ उभी केली, २००५च्या ‘मेक पॉव्हर्टी हिस्ट्री’ मोहिमेतही ते पुढे होते. म्हणूनच त्यांनी इथे केलेली उलटापालट अधिक महत्त्वाची वाटते. या फिल्ममधला एकमेव तारा कराच्या विरोधात बोलतो. बाजू मांडायला कुणी तारा नाही. आहे फक्त एक चेहरा नसलेला आवाज, आणि तोही युक्तिवाद करत नाही, नुसता विचारतो. करासाठी टाळ्या मिळवणारं एकही वाक्य कुणाच्या तोंडी नाही. जो माणूस तो कर नको म्हणतो आहे, त्याला स्वतःच्या म्हणण्याला आधार सापडेनासा होतो, एवढंच आपण पाहतो आणि बाजू आपोआप उभी राहते. माझ्या मते या फिल्मचं सगळं सौंदर्य या एका निर्णयातून आलं आहे.

आणि तो निर्णय पेलायला नट तसाच हवा होता. बिल नाय हे ब्रिटिश प्रेक्षकांचे लाडके नट. कर्टिस यांच्याच ‘लव्ह ॲक्च्युअली’मधल्या उतारवयाच्या रॉकगायकाने त्यांना घराघरांत नेलं. प्रेक्षक त्यांच्याकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात आधीच जिव्हाळा असतो. या जिव्हाळ्यासकट ते बँकर होतात, त्यामुळे बँकरचा खलनायक होत नाही. २०१०मध्ये बँकरचा खलनायक करणं फार सोपं होतं. लोकांचा राग तयारच होता. सिगार ओढणारा, कुत्सित हसणारा, जाडजूड माणूस उभा केला असता तर प्रेक्षकांनी शिव्या घातल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. नाय यांचा बँकर सभ्य आहे, विनोदबुद्धी असलेला आहे, अगदी आपल्या ओळखीत असावा असा आहे. अशा माणसाची कोंडी झाली की आपल्यालाही थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या अवघडलेपणात राग नसतो, म्हणून डोकं चालू राहतं आणि प्रश्न आपण नीट ऐकतो.

आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. या फिल्ममध्ये ते एकेक करून निरखता येतात. आहार्य म्हणजे वेशभूषा आणि सजावट. इथे ती जेमतेम आहे, सूट तेवढा सगळी प्रतिष्ठा सांगून जातो. वाचिकात नाय यांचा हातखंडा. शब्द थोडे लांबवून, वाक्याच्या मध्येच रेंगाळून बोलण्याची त्यांची लकब प्रसिद्ध आहे. सुरुवातीला हीच लकब बँकरच्या आत्मविश्वासाची खूण वाटते: ज्याला घाई नाही, ज्याचं ऐकण्यासाठी लोक थांबतात, असा माणूस. फिल्म पुढे सरकते तशी त्याच लकबीची छटा पालटते. तेच रेंगाळणं आता उत्तर न सापडण्याचं होतं. नटाने काहीही नवीन केलेलं नसतं. प्रश्न बदललेला असतो आणि त्यामुळे त्याच थांबण्याला वेगळा अर्थ येतो. आंगिक अभिनय चेहऱ्यापुरता उरतो: डोळ्यांची हालचाल, अर्धवट येऊन विरणारं हसू. आणि शेवटी सात्त्विक, जो ठरवून आणता येत नाही असं म्हणतात. बोलायला तोंड उघडावं आणि शब्दच येऊ नये, या क्षणी बँकरचा पेशा गळून पडतो आणि एक खजील माणूस दिसतो. कॅमेरा तिथून हलत नाही. पडद्यावर उपाशी मूल येत नाही, पडकी शाळा येत नाही, करुण संगीताचा भडिमार होत नाही. कर्टिस यांच्यासारख्या भावना हमखास जाग्या करणाऱ्या लेखक-दिग्दर्शकाने इतका संयम पाळावा, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

प्रश्नांच्या रचनेकडेही लक्ष द्यायला हवं. ते चढत्या क्रमाने लावलेले आहेत, पण चढ जाणवत नाही. आधी कर केवढा, हे त्याच्याच तोंडून येतं. मग तो कुणावर, हे. मग त्यातून किती मिळेल, हे. ‘फार गुंतागुंतीचं आहे’ हा तज्ज्ञांचा आवडता आडोसा. प्रश्नकर्ता तो आडोसा ओढून काढत नाही, त्याच्या मागे काय आहे एवढंच विचारतो. ०.०५ टक्के म्हणजे हजार पाउंडांना अर्धा पाउंड. तो आकडा त्या सभ्य माणसाने स्वतः उच्चारला की लहान वाटतो. दुसऱ्या टोकाला उलाढालीचा आकडा आहे. एप्रिल २०१०मध्ये जगातल्या परकीय चलन बाजाराची रोजची उलाढाल सुमारे चार लाख कोटी डॉलर होती, असं बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीत दिसलं. इतका बारीक दर आणि इतकी अवाढव्य रक्कम यांचा गुणाकार प्रेक्षकाच्या मनात होऊ देणं, हे या संवादांचं कसब आहे. करासारख्या रुक्ष विषयातला हिशेब नाट्यमय करता येतो, हे मला या फिल्मने दाखवलं.

मराठी प्रेक्षकाला एकेका प्रश्नाने माणूस उघडा पाडण्याचं नाट्य नवं नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खोट्या खटल्याचा खेळ खेळता खेळता लीला बेणारेचं आयुष्य चव्हाट्यावर येतं. तिथे प्रश्नांचं हत्यार समाजाच्या हातात आहे आणि ते एका एकट्या स्त्रीवर चालवलं जातं. त्यामुळे आपण हादरतो. ‘द बँकर’मध्ये तेच हत्यार उलट दिशेने वळलं आहे. जो एरवी इतरांच्या कर्जाचे कागद तपासतो, ज्याच्या टेबलासमोर सामान्य माणूस आवंढा गिळत बसतो, त्याला इथे उत्तर द्यावं लागतं. आणि प्रश्नकर्त्याच्या आवाजात सूड नाही. हा फरक मोलाचा आहे. बलवंताला प्रश्न विचारताना आवाज चढवावा लागत नाही. प्रश्न बरोबर असला की पुरतो.

नाय यांनी आधी केलेली एक भूमिका शेजारी ठेवली की हा बँकर आणखी खुलतो. २००५मध्ये कर्टिस यांनी लिहिलेला आणि डेव्हिड येट्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘द गर्ल इन द कॅफे’ हा टीव्हीपट आला होता. त्यात नाय एका बुजऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत. कॅफेत भेटलेल्या तरुणीला तो रेक्याविकच्या जी-८ परिषदेला सोबत घेऊन जातो, आणि जे बोलायचं धाडस त्याला झालेलं नसतं ते ती बड्या मंडळींसमोर बोलून टाकते. तिथे नाय यांचं गप्प राहणं सज्जनाचं होतं, इथे ते अडचणीत आलेल्याचं आहे. तिथे सत्याची बाजू एका तरुणीने उघडपणे मांडली होती. पाच वर्षांनी कर्टिस यांनी बाजू मांडणारं पात्रच काढून टाकलं. उपदेश करणारं कुणी समोर नसल्यामुळे प्रेक्षकाला उपदेशाचा कंटाळा यायला जागा उरली नाही. लेखक म्हणून त्यांची ही मोठी झेप आहे.

मोहिमेचं चिन्ह होतं रॉबिन हूड. हिरवे मुखवटे घालून कार्यकर्ते रस्त्यावर उतरत, पुतळ्यांना मुखवटे चढवत. लोककथेतला हा वीर श्रीमंतांना लुटून गरिबांना देतो, म्हणून तो चटकन पोचतो. पण त्याच्यात एक अडचणही आहे. तो कायद्याबाहेरचा आहे, आणि कर ही तर कायद्याने, संसदेत मतदान होऊन लागू होणारी गोष्ट. आपण ज्याला न्याय म्हणतो आहोत त्याला लूट म्हणण्याची सोय या चिन्हाने विरोधकांना करून दिली. फिल्ममध्ये मात्र रॉबिन हूडचं सोंग घेतलेलं कुणी दिसत नाही. मुखवट्याशिवाय ती जास्त ठामपणे बोलते.

आता अवघड जागेकडे. बँकर गप्प होतो, पण त्याला गप्प व्हायची खरंच गरज होती का? माझा या फिल्मवरचा मुख्य आक्षेप हाच आहे की तिने बँकरला त्याचं सर्वांत बळकट उत्तर देऊच दिलं नाही.

ते उत्तर स्वीडनचं आहे. १९८४मध्ये स्वीडनने शेअर व्यवहारांवर कर लावला, १९८६मध्ये तो दुप्पट केला. स्टॉकहोममधली उलाढाल उठून लंडनला गेली. दशक संपता संपता स्वीडिश शेअरच्या व्यवहारांचा निम्म्याहून मोठा भाग तिकडे होऊ लागला होता. कर १९९१च्या अखेरीस रद्द करावा लागला. नाय यांच्या बँकरने एवढं एक वाक्य टाकलं असतं तर प्रश्नकर्त्याला खराखुरा प्रतिस्पर्धी मिळाला असता. आणि त्यानंतर प्रश्नकर्त्याने शांतपणे विचारायचं होतं, मग ब्रिटनच्या स्टॅम्प ड्यूटीचं काय? कारण बँकर ज्या शहरात बसला आहे, त्याच लंडनमध्ये ब्रिटिश कंपनीचे शेअर घेताना ०.५ टक्के स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते. मोहिमेने मागितलेल्या दराच्या दसपट! तरी लंडनचा बाजार जगातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो. फरक आखणीत आहे. स्वीडनचा कर स्वीडिश दलालामार्फत झालेल्या व्यवहारावर होता. दलाल बदलला की कर टळला. ब्रिटनची ड्यूटी शेअरच्या मालकीच्या बदलावर आहे. व्यवहार न्यूयॉर्कला झाला काय किंवा सिंगापूरला, ब्रिटिश कंपनीच्या शेअरवरची मालकी कायदेशीर करून घ्यायची तर ती भरणं आलं. तिलाही पळवाटा आहेत. मार्केट मेकरना सूट आहे आणि शेअर प्रत्यक्ष हातात न घेता त्याच्या किमतीवर करार करण्याची वाट आहे. तरीही ती दरवर्षी अब्जावधी पाउंड मिळवून देते. हे चार संवादांत मावलं असतं. बँकर तेव्हाही हरला असता, पण त्याचं हरणं जास्त खरं ठरलं असतं आणि प्रेक्षक घरी जाताना एक पक्कं उत्तर सोबत घेऊन गेला असता.

दुसरी अवघड जागा त्याहून खोल आहे. या कराचे जनक मानले जाणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी तो १९७२च्या व्याख्यानांत मांडला आणि १९७८च्या लेखात पुन्हा. त्यांचा हेतू महसूल गोळा करण्याचा नव्हताच. चलनांची झटपट खरेदी-विक्री करून देशांची धोरणं डळमळीत करून टाकणाऱ्या सट्ट्याचा वेग त्यांना कमी करायचा होता. अतिवेगाने फिरणाऱ्या चाकांत थोडी वाळू टाकावी, असं रूपक त्यांनी वापरलं. १९९८मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ‘अटॅक’ या संघटनेने त्यांचं नाव झेंड्यावर घेतलं, तेव्हा आयुष्याच्या अखेरीस टोबिन यांनी जाहीरपणे सांगितलं की आपलं नाव भलत्या कामासाठी वापरलं जात आहे. सट्टा रोखणं आणि पैसा उभा करणं या दोन हेतूंमधला पेच साधा आहे. कराने सट्टा कमी झाला, तर ज्या उलाढालीवर कर घ्यायचा तीच आटते आणि पैसा कमी येतो. पैसा भरपूर आला, तर सट्टा कमी झाला नाही असं ठरतं. चलनबाजारातल्या मोठ्या जोड्यांमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर बहुधा ०.०५ टक्क्यांहून बरंच कमी असतं; म्हणजे तिथे हा ‘छोटा’ कर मुळीच छोटा राहत नाही, आणि आजच्या उलाढालीवरून उद्याच्या महसुलाचा गुणाकार करता येत नाही. फिल्मने दर लहान आणि रक्कम मोठी हे दोन्ही एकाच वेळी दाखवलं, मधला ताण मात्र दाखवला नाही. पेच असला म्हणून कर वाईट ठरत नाही. सट्टा थोडा कमी आणि पैसा मोहिमेच्या अंदाजाहून कमी, पण भरीव, असा मधला परिणाम मला तरी पूर्णपणे स्वागतार्ह वाटतो. लोकांना तो तसाच सांगायला हवा होता.

तिसरी जागा, कर नेमका कुणावर पडतो ही. फिल्म पाहिल्यावर आपल्या मनात ठसतं की हा बँकांनी भरायचा कर आहे. इथे मुंबईचा अनुभव बोलका आहे. भारतात असाच कर २००४पासून आहे: सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजेच एसटीटी. पी. चिदंबरम यांनी त्या वर्षीच्या जुलैच्या अर्थसंकल्पात तो मांडला, दलाल स्ट्रीटवर मोठी ओरड झाली, दर खाली आणले गेले आणि १ ऑक्टोबर २००४पासून तो लागू झाला. कुणा ताऱ्याने त्यासाठी फिल्म केली नाही. आज डिलिव्हरीच्या शेअर व्यवहारात खरेदीदार आणि विक्रेता दोघांकडूनही ०.१ टक्के घेतला जातो. बाजार उठून परदेशी गेला नाही, उलट कैक पटींनी वाढला. अलीकडच्या काळात या कराचं वार्षिक उत्पन्न ५० हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेलं आहे. पडद्यावरच्या बँकरला द्यायला याहून चांगलं उत्तर नाही.

पण तो भरतं कोण? शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या कुणाचीही काँट्रॅक्ट नोट उघडून पाहा. दलाली, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचा आकार, स्टॅम्प ड्यूटी, सेबीचा आकार आणि त्याच रांगेत एसटीटी. ही ओळ मोठ्या परदेशी फंडाच्या नोटेवर असते तशीच ती नाशिकच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर आलेल्या नोटेवरही असते. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सरकारने फ्यूचर्स आणि ऑप्शन्सवरचा एसटीटी वाढवला. सट्ट्याला लगाम घालण्याचा टोबिन यांचा हेतू इथे दिसतो, पण कर भरणाऱ्यांत बुडालेला छोटा माणूसही आहे. शिवाय तो पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळतो. त्यातून कुठे शाळा झाली, कुठे दवाखाना झाला, हे कुणालाच दिसत नाही. आपल्याकडे कर आहे पण त्याची कथा नाही, आणि ब्रिटनच्या मोहिमेकडे कथा होती पण कर नव्हता. पैसा कुठून येईल आणि कुठे जाईल या दोन टोकांना लोकांसमोर एकत्र बांधून ठेवणं, हे त्या मोहिमेचं मोठं देणं आहे, आणि आपण ते मनापासून उचलण्यासारखं आहे.

२०१४च्या आरंभी याच मोहिमेची आणखी एक फिल्म आली, ‘फ्यूचर न्यूज’. दिग्दर्शन डेव्हिड येट्स यांचं. काळ २०२४चा कल्पिलेला. टीव्हीवरच्या बातम्यांच्या कार्यक्रमात अँड्र्यू लिंकन सूत्रसंचालक, आणि युरोपातल्या देशांचे बँकर म्हणून हाविएर बार्देम, क्लेमांस पोएझी, हाइके माकाच. कर लागू होऊन त्यांच्या देशांचं भलं झालं आहे असं ते सांगतात, आणि बिल नाय यांचा ब्रिटिश बँकर आपला देश बाजूला का राहिला याचं समर्थन करताना अडखळतो. नट अधिक, नावं अधिक मोठी, आणि तरीही ही फिल्म मला पहिल्या फिल्मच्या जवळपासही जाणारी वाटत नाही. पहिलीत प्रश्न होते, दुसरीत तयार उत्तरं आहेत. पहिलीत करासाठी कुणीच बोलत नव्हतं, दुसरीत एकामागून एक तारे बोलतात. प्रेक्षकाने करायचं काम त्यांनीच उरकून टाकलं आहे.

शिवाय भविष्याच्या चित्राला एक धोका असतो, ते वर्ष खरंच उजाडतं. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०११मध्ये शेअर-रोख्यांवर ०.१ आणि डेरिव्हेटिव्हवर ०.०१ टक्के कराचा प्रस्ताव ठेवला होता. २०१३मध्ये ११ देश एकत्र पुढे जायला तयार झाले. ब्रिटनने त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात धाव घेतली, आणि एप्रिल २०१४मध्ये तो दावा फेटाळला गेला. तरी चर्चेचं गुऱ्हाळ चालूच राहिलं, एस्टोनिया बाहेर पडला, आणि २०२४ आलं तेव्हा युरोपचा सामाईक कर अस्तित्वात नव्हता. मात्र फ्रान्सने ऑगस्ट २०१२पासून आपल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर खरेदीवर कर लावला आणि पुढे त्याचा दर वाढवतही नेला. इटलीनेही २०१३मध्ये आपला कर आणला. ‘जमायचं नाही’ या शब्दांना प्रत्यक्षातलं उत्तर या देशांनी दिलं आहे.

ताऱ्यांना अर्थकारणातलं काय कळतं, असं म्हणून अशा मोहिमा झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. नट अर्थतज्ज्ञ नसतो, तसा तो डॉक्टरही नसतो. तरी पोलिओच्या लसीसाठी त्याने दिलेली हाक आपण ऐकली आणि ती ऐकणं योग्यच होतं. ताऱ्याकडून ज्ञानाची अपेक्षा नसते, लक्ष वेधण्याची असते. प्रश्न एवढाच की वेधलेलं लक्ष तो कशाकडे नेतो, स्वतःकडे की विषयाकडे. ‘द बँकर’मध्ये बिल नाय आपलं लक्ष त्या साध्या प्रश्नांकडे नेतात आणि स्वतः हळूहळू बाजूला होतात. या कलावंताच्या निष्ठेला मी मनापासून दाद देतो.

आणि त्या प्रश्नांना माझं उत्तर असं आहे. हा कर असावा. तो मालकीच्या बदलाशी बांधलेला असावा, म्हणजे व्यवहार सीमेपलीकडे पळवून टाळता येणार नाही. छोट्या बचतदारावर त्याचा भार किती पडतो, हे दरवर्षी मोजून जाहीर व्हावं. मिळालेल्या पैशांतला किती वाटा आरोग्य, शिक्षण आणि हवामानाच्या संकटाला तोंड देण्यावर खर्च झाला, याचा हिशेब लोकांना दिसावा. आणि यापुढे कुणी अशी फिल्म करणार असेल, मुंबईत किंवा लंडनमध्ये, तर त्याने बँकरला स्वीडनचं उदाहरण द्यायची मुभा जरूर द्यावी. आपली बाजू ते ऐकूनही उभी राहते.